कंसातला प्रश्न

मिलिंदला पाणी पाजणं हे आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं काम होतं. मिलिंद माझा धाकटा भाऊ. त्याला सिकलसेल होता. म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहायच्या ऐवजी विळ्यासारख्या वाकायच्या आणि बारीक नसांमध्ये अडकून बसायच्या. अंगातलं पाणी कमी झालं की अडकणं वाढायचं आणि हाडं ठणकायला लागायची. हे मला पुष्कळ उशिरा समजलं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की मिलिंद जिथे बसेल तिथे त्याच्या हाताशी पाण्याचा तांब्या पाहिजे. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "मिल्या, पाणी पेला का?" आणि तो आतून उत्तर द्यायचा, "हाँ, पी लिया." घरात मराठी ऐकत वाढलेला हा मुलगा उत्तर मात्र हिंदीतच द्यायचा. शाळा हिंदी, दोस्त हिंदी, क्रिकेटची भांडणं हिंदी. आई म्हणायची, "पोट्ट्यानं माय बदलली." म्हणायची, पण तिचं स्वतःचं मराठीही रायपुरात राहून निम्मं झालं होतं. शेजारणीशी बोलताना ती छत्तीसगढी "हव, हव" करायची, आणि भंडाऱ्याहून मामा आला की त्याच्यासमोरही तिच्या तोंडून "हव" निघून जायचं. मामा हसायचा.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. आमचं क्वार्टर कारखान्यापासून सायकलवर थोड्याच अंतरावर. दोन खोल्या, मागे आंगण, आंगणात शेवग्याचं झाड. सकाळी भोंगा व्हायचा आणि त्यानंतर दिवसभर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत राहायचा. पाहुण्यांना त्याचा त्रास व्हायचा, आम्हाला रविवारच्या शांततेचा व्हायचा. रविवारी सकाळी विहारात वंदना असायची. विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली आमच्यासारखी बरीच घरं तिथे जमायची, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत एखादं तरी पिवळ्या डोळ्यांचं, बारीक हातापायांचं लेकरू होतं. त्या वेळी कुणी त्याचं नाव घेत नसे. "हाडाचं दुखणं हाये," एवढंच. आमच्या लोकांत पत्रिका पाहत नाहीत, पण आता लग्न जमवताना रक्ताचा रिपोर्ट पाहतात. माझ्या आईबाबांचा कुणी पाहिला नव्हता. दोघांच्या रक्तात आजार अर्धा अर्धा होता, दोघांनाही कधी काही झालं नाही, आणि मिलिंदच्या वाट्याला दोन्ही अर्धे आले. माझ्या वाट्याला एकच आला. डॉक्टरांनी हे कागदावर गोल काढून समजावलं त्या दिवशी बाबा घरी आले, चहा न घेता आंगणात बसले आणि सायकलची चेन काढून उगाच धुतली. त्यावर घरात बोलणं झालं नाही.

बोलणं व्हायचं ते खाण्यावर. लाल भाजी, म्हणजे लाल माठ, खाल्ली की रक्त वाढतं, असं जो तो सांगायचा, म्हणून आमच्या घरी लाल भाजी जवळजवळ रोज. कधी लसूण टाकून कोरडी, कधी डाळीत. आईच्या हातची पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी हे खरं आमचं सणाचं जेवण. शेजारच्या छत्तीसगढी काकीकडून ती फरा करायलाही शिकली होती. तांदळाच्या पिठाचे ते वाफवलेले लांबट गोळे ती राई-तिळाची फोडणी देऊन करायची आणि वरून तर्री ओतायची. काकीला ते मुळीच पटत नसे. मिलिंदनं लहानपणापासून एवढी लाल भाजी खाल्ली की त्याचे ओठ कायम लाल दिसायचे. रक्ताला मात्र फरक पडला नाही. दुखणं उसळलं की तो गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करायचा. आई विटकर गरम करून फडक्यात गुंडाळून त्याच्या पाठीला लावायची आणि मी त्याच्या पायथ्याशी बसून अभ्यास करायची. माझं कॉलेज असंच झालं.

कॉलेज संपता संपता मी कॉम्प्युटरचा क्लास लावला. तो ब्राह्मणपाऱ्यात होता, पूजेच्या सामानाच्या एका दुकानावर, अरुंद जिन्यानं वर गेल्यावर. खालून कापूर-धुपाचा वास यायचा. वर चपला काढून आत जायचं, कारण मशिनांना धूळ चालत नाही. शिकवायला वर्मा सर होते. ते बलौदाबाजारकडच्या एका गावातले. शेतकऱ्याच्या घरचे, किडकिडीत, आणि हातात कायम रुमाल. डेटाबेस शिकवताना ते खडूपेक्षा माणसं जास्त वापरायचे.

एक दिवस त्यांनी आम्हा सगळ्यांना उठवून आपापल्या पाऱ्याप्रमाणे, म्हणजे मोहल्ल्याप्रमाणे, उभं केलं. ब्राह्मणपाऱ्याचे खिडकीशी, तेलीबांध्याचे फळ्याजवळ, समता कॉलोनीतले दाराशी. रेल्वेकडची मी एकटीच, म्हणून मला मध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तुम ग्रुप बाय हो. हर पारा की सबसे ज़्यादा ऊँचाई बताओ." ग्रुप बाय म्हणजे मशिनला गट पाडायला सांगणारी आज्ञा. दाराच्या चौकटीवर फूटपट्टीच्या खुणा केलेल्या होत्या. मी एकेकाला तिथे उभं करून प्रत्येक गटातली जास्तीत जास्त उंची सांगितली.

"अब हर पारा का नाम बताओ," सर म्हणाले. "पारा का नहीं, बंदे का. जिसकी ऊँचाई है."

ते तर मला पाठ होतं, मी आत्ताच मोजलं होतं. मी सांगायला लागले, तसं त्यांनी थांबवलं. "तुम इंसान हो, तुम्हें याद रहा. ग्रुप को याद नहीं रहता. ग्रुप की एक ही लाइन बनती है. उस लाइन में वही बात रह सकती है जो पूरे ग्रुप की ओर से हो. कितने लोग, सबसे ज़्यादा कितना, औसत कितना. नाम ग्रुप का नहीं होता, एक आदमी का होता है. फिर भी माँगोगे तो मशीन या तो डाँटेगी, या जो सबसे आगे खड़ा है उसका नाम पकड़ा देगी. ऊँचाई एक की, नाम दूसरे का. जो मशीन डाँटे वो अच्छी. जो चुपचाप दे दे, उससे डरना."

मग त्यांनी उपाय सांगितला. आधी एक छोटा प्रश्न कंसात टाकायचा, प्रत्येक पाऱ्याची जास्तीत जास्त उंची एवढाच. त्याचं उत्तर म्हणजे एक छोटा तक्ता, पारा आणि उंची. तो तक्ता हातात घेऊन पुन्हा सगळ्यांमध्ये जायचं आणि ज्याचा पाराही जुळतो आणि उंचीही जुळते त्याला बाहेर काढायचं. कंसातल्या प्रश्नाला सबक्वेरी म्हणतात. आम्ही वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत ते आलं नाही आणि मी विसरूनही गेले.

वर्मा सरांच्याच ओळखीनं मला दुपारचं काम मिळालं. शहरातल्या एका रक्तपेढीला दात्यांच्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या. रक्तपेढीच्या प्रमुख साहू मॅडम, पन्नाशीच्या, जाड काचांचा चष्मा, स्वच्छ हिंदी बोलणाऱ्या, पण घाईत असल्या की छत्तीसगढीत घसरणाऱ्या. मिलिंदमुळे त्या आमच्या घराला आधीपासून ओळखत होत्या. त्याला वर्षातून एखाद-दोन वेळा रक्त लागायचं आणि त्याचा गट बी निगेटिव्ह, सहज न मिळणारा. घरात कुणाचंच चालण्यासारखं नव्हतं. बाबा आणि मी पॉझिटिव्ह. आईचं ओ निगेटिव्ह, ते एरवी चाललं असतं. पण तिच्याच अंगात कमी, आणि त्यातही सिकल अर्धा. तिचं रक्त घ्यायला मॅडमनी नकार दिला तेव्हा आई वाद घालायला लागली. "माह्या लेकराले माह्यं रक्त काहून नाई चालत?" मॅडमना मराठी येत नव्हतं, पण प्रश्न त्यांना कळला. त्यांनी आईला खुर्चीत बसवून ठेवलं आणि तिच्या हातावर हात ठेवला.

माझं काम सोपं होतं. दर रक्तदानाची एक ओळ. दात्याचा क्रमांक, नाव, गट, तारीख, फोन, पत्ता. एकाच माणसानं पाच वेळा रक्त दिलं तर त्याच्या पाच ओळी. दुर्मीळ गटाच्या दात्यांची एक यादीही त्या मशिनवर तयार मिळायची. कुणी, शेवटचं रक्त कधी दिलं, फोन काय. ती यादी माझ्या आधी काम करणाऱ्या एका मुलानं बनवली होती आणि तो पुण्याला नोकरी लागून निघून गेला होता. ती फारशी लागत नसे. नेहमीचे दाते मॅडमना तोंडपाठ होते. ते दिवस फोन बदलण्याचे होते. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल येत होता, घरोघरचे फोन बंद होत होते. हे आज लिहिताना सहज सुचतं, त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मिलिंद बारावीत होता त्या वर्षी थंडी संपता संपता त्याला ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी आई त्याला उठवायला गेली तर तो उठेना. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ कधी नव्हे ते पांढरे. बाबा कामावर निघालेले, तसेच परत फिरले आणि रिक्षा घेऊन आले. दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन चारच्या खाली. डॉक्टर म्हणाले, आज रक्त चढवलंच पाहिजे, संध्याकाळच्या आत चढलं तर बरं. मी तिथून थेट रक्तपेढीत गेले. मॅडमनी फ्रिज उघडून दाखवला. बी निगेटिव्ह नव्हतंच. ओ निगेटिव्हची एक पिशवी होती, ती सकाळीच एका बाळंतिणीला गेली होती. दुर्ग-भिलाईला फोन झाले, तिथेही नाही.

"लिस्ट निकाल," मॅडम म्हणाल्या.

मी यादी काढली. बी निगेटिव्हची मोजकी नावं होती. ज्यांना रक्त देऊन तीन महिने झाले नव्हते त्यांच्यावर मॅडमनी पेन्सिलनं काट मारली, त्यात त्यांना पाठ असलेले नेहमीचे दातेही गेले. उरले ते आम्ही दोघींनी वाटून घेतले. पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसऱ्यावर कुणीतरी सांगितलं की ते दुकान विकलं, मालक कुठे गेला माहीत नाही. तिसरं नाव हेमा. फोन एका पुरुषानं उचलला.

"हेमा जी हैं?" मी विचारलं.

त्यानं नाव पुन्हा विचारलं. मग, "यहाँ कोई हेमा नहीं रहती. आप कौन?"

मी रक्तपेढीचं नाव सांगितलं. रक्ताची गरज आहे म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, "वो आपके यहाँ आती है क्या?" मी म्हटलं, पूर्वी येऊन गेल्या आहेत. त्यानं फोन ठेवला.

चौथं नाव एका शाळामास्तरांचं होतं. मी नंबर फिरवायला घेतला आणि बोट थांबलं. या मास्तरांची शेवटची नोंद मीच चढवली होती. त्यांचा मोबाइल होता, हे मला पक्कं आठवत होतं. मोबाइल नंबर टाइप करायची तेव्हा सवय नव्हती, म्हणून आकडे पुन्हा मोजून पाहिले होते. यादीत मात्र त्यांच्या नावापुढे घरचा जुना फोन. तारीख पाहिली. तारीख माझ्याच नोंदीची, दिवाळीनंतरच्या शिबिराची. म्हणजे तारीख नव्या ओळीतली आणि फोन जुन्या ओळीतला.

मला दाराच्या चौकटीजवळ मांडलेली ती मुलं दिसली. उंची एकाची, नाव दुसऱ्याचं.

"मॅडम, नंबर ग़लत नहीं हैं," मी म्हणाले. "पुराने हैं. नए भी अंदर हैं. लिस्ट ग़लत जगह से उठा रही है."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कितनी देर लगेगी?"

मी यादीमागचा प्रश्न उघडला. जसं वाटलं होतं तसंच निघालं. दात्याच्या क्रमांकानं गट केले होते आणि प्रत्येक गटातून सर्वांत अलीकडची तारीख मागितली होती. तोपर्यंत ठीक. पण त्याच दमात फोन आणि पत्ताही मागितला होता. आमच्या मशिननं न रागावता जो पहिला सापडला तो फोन देऊन टाकला होता, आणि पहिला म्हणजे सहसा सगळ्यांत जुना. मी कंस उघडला. आत फक्त दात्याचा क्रमांक आणि त्याची शेवटची तारीख. कंस बंद केला. बाहेर मूळ नोंदींना तो तक्ता जोडला, क्रमांकही जुळला पाहिजे आणि तारीखही. मग त्या एकाच ओळीतून नाव, फोन, पत्ता. बटण दाबलं तर मशिननं चूक दाखवली. चूक दोनदा वाचली तेव्हा कळली. कंसातल्या तक्त्याला नाव दिलं नव्हतं. तो तक्ता पुढे कुठल्या नावानं ओळखायचा, हे सांगावंच लागतं. मला त्या घाईत दुसरं काही सुचेना. मी लिहिलं, मिलू.

यादी आली. नावं तीच, तारखा त्याच, फोन जवळजवळ सगळे वेगळे.

मास्तरांनी पहिल्याच घंटीला उचललं, पण ते जगदलपूरला होते, निघायला तयार होते आणि पोचायला दिवस जाणार होता. मॅडम म्हणाल्या, निघू नका, गरज पडली तर कळवू. मग हेमा. या वेळी मोबाइल नंबर होता आणि पत्ता समता कॉलोनीतला, एका दातांच्या दवाखान्याच्या मागची खोली.

"हाँ, हेमा बोल रही हूँ," आवाज शांत होता. मी सांगितलं. तिनं विचारलं, "बच्चे की उमर क्या है?" मी म्हटलं, सतरा, माझा भाऊ आहे. ती म्हणाली, "डॉक्टर साहब से बोलके निकलती हूँ. खाना खाया हुआ है मैंने, चिंता मत करो."

ती स्कूटीवर आली. रायपूरच्या सगळ्या मुली बांधतात तसा तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे. आत आल्यावरही तिनं तो आधी खिडकीतून रस्ता पाहून मगच सोडला. तिशीची असावी. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. माहेर पंडरीतल्या सिंधी कापडवाल्यांचं, हे ती नंतर म्हणाली. मॅडमनी तपासून तिला पलंगावर घेतलं. तेवढ्यात बाबांना दवाखान्यात बसवून आई येऊन पोचली होती. आई तिच्या उशाशी उभी राहिली. उशाखालची चादर नीट केली.

"बेटी, घर में कौन-कौन है?" शेवटी तिनं विचारलं.

"अभी तो मैं ही हूँ, आंटी."

आईनं पदराला गाठ मारून आणलेला गूळ-फुटाण्याचा पुडा सोडला आणि तिच्या मोकळ्या हातावर ठेवला. हेमा झोपल्या झोपल्या एकेक फुटाणा खात राहिली. पिशवी भरत होती आणि आई त्या पिशवीकडे बघत होती, दूध उतू जाऊ नये म्हणून बघतात तशी.

तपासण्या होऊन रक्त दवाखान्यात पोचलं तेव्हा उन्हं उतरली होती. आम्ही तिघं मिलिंदच्या पलंगाभोवती. अर्धी पिशवी गेली असेल, त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "पानी." आईनं तोंडावर पदर घेतला. बाबा म्हणाले, "दे नं वं पाणी, रडतं काय." आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मास्तरही जगदलपूरहून आले, कुणी न सांगता, आणि त्यांचं रक्त दुसऱ्या पिशवीत गेलं. मिलिंदनं त्या वर्षी परीक्षा दिली नाही, पुढच्या वर्षी दिली. आता गोळ्या निघाल्या आहेत, त्यांनी दुखणं पुष्कळ आटोक्यात असतं. तो नवा रायपूरच्या एका कार्यालयात नोकरीला आहे, त्याची मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलते, आणि दुखायला लागलं की तो अजूनही भिंतीकडेच तोंड करतो. मी तेलीबांध्याला राहते आणि अजूनही याच कामात आहे. तेव्हापासून आजवर हजारो वेळा तसा कंस उघडला आणि बंद केला असेल. हाताखालच्या पोरांना शिकवतानाही वर्मा सरांसारखंच उभं करते. त्यांना ते विचित्र वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते मिलिंदला रक्त चढल्यावर दोनच दिवसांनी घडलेलं. दुपारची वेळ, मॅडम शिबिराला गेलेल्या, मी एकटी मशिनवर. एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, बोटात दोन अंगठ्या, बोलणं अतिशय नम्र. मला "दीदी" म्हणाले, मी त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान असून. त्यांच्या घरी आमचा फोन आला होता. हेमा त्यांच्या धाकट्या भावाची बायको. रागावून निघून गेली आहे. घरात म्हातारी आई वाट बघते. तिचा नवा पत्ता मिळाला तर समजूत घालून घरी आणू.

"मोहल्ले में बात हो रही है, दीदी. घर की इज़्ज़त का सवाल है. आपके कंप्यूटर में तो होगा."

कॉम्प्युटरमध्ये होता. समोरच होता. माझ्या नव्या यादीत तिची ओळ परवाच्या तारखेची, खाली तो मोबाइल आणि ती दवाखान्यामागची खोली. मला त्यांच्या घरात काय झालं होतं ते माहीत नव्हतं. मला फक्त खिडकीतून रस्ता पाहून मगच सोडलेला तो स्कार्फ माहीत होता. आणि हेही, की त्यांच्या घरी फोन मीच केला होता.

नाही म्हटलं असतं तर ते मॅडमकडे गेले असते, वर कुणाकडे गेले असते, किंवा बाहेर थांबले असते. नाही म्हणणं म्हणजे आत काहीतरी आहे असं सांगणंच होतं. जुनी यादी दाखवावी असंही वाटून गेलं. पण तिच्यात फोन जुना असला तरी तारीख परवाचीच निघाली असती, आणि ती नुकतीच येऊन गेली हे त्यांना कळलं असतं. मी म्हटलं, "बैठिए, देखती हूँ." माझाच प्रश्न उघडला. कंसातल्या सर्वांत अलीकडच्या तारखेच्या जागी सर्वांत जुनी तारीख लिहिली. एका शब्दाचा फरक. हेमाची एकच ओळ मागितली. ती आली. कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख, सासरचा फोन, सासरचा पत्ता. मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला.

ते वाकले. वाचलं. "यह तो हमारा ही नंबर है."

"इसी पे तो फोन किया था, भैया."

"इसके बाद कुछ नहीं?"

मी स्क्रीनकडे बोट केलं. एकच ओळ होती, ती त्यांनी पुन्हा वाचली. मग उठले. म्हणाले, "आए तो ख़बर करना." आपलं कार्ड टेबलावर ठेवून गेले. ते जिना उतरेपर्यंत मी हात कळफलकावरून उचलले नाहीत. मॅडम आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड उचललं, दोन तुकडे केले आणि छत्तीसगढीत एवढंच म्हणाल्या, "ठीक करे हस," बरं केलंस.

हेमा पुन्हा आली ती उन्हाळ्यात, बोलावल्याशिवाय, तीन महिने झाले म्हणून. तोंडाला तोच स्कार्फ. मी तिला आत नेऊन बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, कोण आलं होतं ते.

ती ऐकत राहिली. "फिर?"

"मैंने आपकी सबसे पुरानी एंट्री दिखा दी. वही देखके चले गए."

तिनं मान हलवली. फॉर्मवरचं पेन उचललं. नाव लिहिलं, गट लिहिला, फोन लिहिला. पत्त्याच्या जागी येऊन थांबली. "ख़ाली छोड़ दूँ?"

"ख़ाली नहीं लेता," मी म्हणाले. आमच्या मशिनला पत्त्याशिवाय नोंद घेता येत नसे.

"तो फिर?"

मी फॉर्म माझ्याकडे ओढला आणि पत्त्याच्या जागी आमच्या रक्तपेढीचाच पत्ता लिहिला.